इंदूर : अर्ध्या एकराच्या बागेसाठी गवत कापायचं भरवशाचं मशीन कोणतं घ्यावं?

मृद्गंध_इंदूर | १८ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. खंडवा रोडवर सिमरोलच्या अलीकडे आमची अर्ध्या एकराची जागा आहे. घर, गोठा, विहीर आणि आंब्याची सहा झाडं सोडली तर साधारण १४ हजार चौरस फूट लॉन उरतं. माती पक्की काळी. गवत बहुतेक साधी हरळीच, आंब्याखाली सावलीमुळे विरळ.

आजवर माळीबाबा आणि त्यांचा मुलगा वीस इंची हातमशीन चालवायचे. एक जण मागून दांडा ढकलणार, दुसरा पुढून दोरीने ओढणार. मुलगा आता पीथमपूरला नोकरीला लागलाय. माळीबाबा साठीचे. गेल्या पावसाळ्यात एकट्याने ढकलायला गेले आणि कंबर धरून बसले, ते मला बघवलं नाही. इकडे सासरे ८१ वर्षांचे. त्यांना सकाळी गवतावर अनवाणी चालायचं असतं. गवत घोट्याच्या वर गेलं की ते सापाच्या भीतीने पायरीच उतरत नाहीत, आणि मग दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी विजेवरचं एक मशीन ऑनलाइन मागवलं होतं. दुसऱ्याच पावसाळ्यात मोटर जळली. आधी भोपाळला पाठवा म्हणाले, मग पार्ट येत नाही म्हणाले. ते गोठ्यात पडून आहे. आता पैसे पुन्हा वाया घालवायचे नाहीत. ७० हजारांपर्यंत तयारी आहे. जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागायच्या आत घ्यायचंय. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

जुना_फिटर | १८ मे, रात्री १०.१५

ताई, जळालेल्या मशीनबद्दल आधी तीन गोष्टी सांगा. किती वॅटचं होतं, वायर किती लांब आणि किती जाड होती, आणि मोटर गेली त्या दिवशी गवत केवढं होतं?

मृद्गंध_इंदूर | १८ मे, रात्री १०.३२

१६०० वॅट. वायर ६० मीटर, घरातल्या दोन जोडून केलेली, वायरवर १ चौरस मिमी लिहिलंय. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९०च्या आसपास असतं. आठ दिवस झड लागली होती म्हणून गवत गुडघ्याला आलं होतं.

जुना_फिटर | १९ मे, सकाळी ७.०५

मग तुमची मोटर का गेली ते कळलं. १६०० वॅटची मोटर ७ अँपिअरच्या आसपास करंट घेते. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम. ६० मीटर जायचे आणि ६० यायचे, म्हणजे १२० मीटर तार. एवढ्या तारेतच १५ व्होल्ट जातात. मुळात १९० होते, मशीनपर्यंत पोचले १७५. त्यात गुडघाभर ओलं गवत. पातं अडखळलं की मोटर जास्त करंट खेचते, वाइंडिंग तापतं, आणि हे तासभर चाललं की वास येतो आणि संपतं. पार्ट न देणं ही त्या कंपनीची चूकच आहे, पण तुमच्या जागी वीजवाल्या कुठल्याही मशीनचे हेच हाल झाले असते. वीजवालं घ्यायचंच असेल तर २.५ चौरस मिमीची अखंड रबरी केबल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पण १४ हजार फुटांत सहा झाडांभोवती केबल सांभाळत फिरणं माळीबाबांना जमणार नाही. म्हणून मी तरी तो मार्ग सोडून द्या म्हणेन.

आता प्रकार. गवत कापायच्या मशीनची मुळात दोनच घराणी. एक रुळाचं: वळणदार पात्यांचा रूळ फिरतो, खाली एक स्थिर पट्टी असते, दोन्हींच्या मध्ये गवत कात्रीसारखं कापलं जातं. तुमचं जुनं हातमशीन ते. हे इंग्लंडमध्ये १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने पेटंट केलं, लोकरी कापडावरचे तंतू छाटायचं यंत्र बघून. दुसरं घराणं आडव्या पात्याचं: पंख्यासारखं पातं प्रचंड वेगाने फिरतं आणि वेगाच्या तडाख्याने गवत तोडतं.

रुळाची कापणी सुंदर, गवताला इजा कमी. पण गवत उंच झालं की रूळ ते कापण्याऐवजी समोर झोपवतो. बारीक खडा आला तर पट्टीला खाच पडते. आडवं पातं उंच, ओलं, लव्हाळामिश्रित गवत झेपवतं. माळव्यातल्या जुलै-ऑगस्टचा विचार केलात तर तुम्हाला आडवं पातं आणि फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. माझं मत सरळ एवढंच.

राईडऑन_हवंच | १९ मे, सकाळी ९.२०

बसून चालवायचं घ्या ना, माळीबाबांना चालायलाच नको.

जुना_फिटर | १९ मे, सकाळी ९.४४

७० हजारांत नवीन मिळणार नाही. आणि सहा आंब्यांभोवती ते वळवणार कसं? पावसाळ्यात काळ्या मातीत त्याची चाकं रुतली तर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल. एकर-दोन एकर सलग मोकळं मैदान असतं तर मीही तेच सुचवलं असतं.

बॅटरीप्रेमी_पुणे | १९ मे, दुपारी १.१०

मी दोन वर्षं ३६ व्होल्टचं बॅटरी मशीन वापरतोय. आवाज नाही, धूर नाही, दोरी ओढायची भानगड नाही. मनापासून आवडतं. पण माझं लॉन २ हजार फूट आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १४४ वॅट-तास ऊर्जा. कोरड्या आखूड गवतात माझं अर्धा-पाऊण तास चालतं, ओल्या दाट गवतात वीस मिनिटांत दिवा लुकलुकतो. १४ हजार फुटांना चार-पाच बॅटऱ्या लागतील आणि त्यांची किंमत मशीनच्या वर जाईल. तुमच्यासाठी पेट्रोलच.

मैदानावरचा | १९ मे, रात्री ८.५०

मी क्लबच्या क्रिकेट मैदानावर बावीस वर्षं काम केलं. रूळ आणि आडवं पातं दोन्ही चालवलीत. इथे सगळे इंजिनाबद्दल बोलतात. मी चालणाऱ्या माणसाबद्दल बोलतो.

तुमचं लॉन १४ हजार फूट म्हणजे १३०० चौरस मीटर. एकवीस इंची मशीनचं पातं ५३ सेंटिमीटरचं. आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवूनच कापावं लागतं, नाहीतर मध्ये शेंडी राहते. म्हणजे कामाची रुंदी ४६ धरा. एका कापणीला माळीबाबा जवळजवळ तीन किलोमीटर चालणार. सोळा इंची घेतलंत तर पावणेचार किलोमीटर. साठीच्या माणसाला, तीस-पस्तीस किलोचं मशीन ढकलत, भर दमट हवेत. म्हणून तुम्हाला ‘सेल्फ प्रोपेल्ड’, म्हणजे चाकांना इंजिनाची ताकद असलेलंच घ्यायला हवं. तेही मागच्या चाकांना. गवताची पिशवी भरली की वजन मागे येतं, पुढची चाकं उचलली जातात आणि पुढून ओढणारं मशीन तिथल्या तिथे घसरत राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात माळीबाबांना घेऊन जा. तुम्ही नाही, तुमचे मिस्टर नाहीत, चालवणार ते आहेत. त्यांना पाच गोष्टी करायला लावा. दोरी ओढून थंड मशीन सुरू करणं. सुरू असताना दांड्याची पट्टी दाबून धरणं (ती सोडली की पातं थांबतं, सुरक्षेसाठी तशीच रचना असते, पण बोटं आखडलेल्या माणसाला तासभर धरवत नाही). उंची बदलायचा खटका सरकवणं. पिशवी काढून लावणं. आणि जागच्या जागी वळवणं. मी बघितलंय, घरमालक सात अश्वशक्तीचं आणतात आणि माळी आठव्या दिवशी विळा घेऊन बसतो.

निंबोणी | १९ मे, रात्री ९.३०

मैदानावरचा काका, हे वाचून आमच्या घरी काय चुकलं ते आज समजलं. आमचे माळीदादा ‘मशीन खराब है’ म्हणायचे आणि आम्ही तीनदा सर्व्हिसिंगला पाठवलं. खराब काहीच नव्हतं, चाकांचा वेग त्यांच्या चालीपेक्षा जास्त होता. ते मशीनमागे फरफटत जायचे. वेग कमी-जास्त करता येतो का हेही बघा, मृद्गंधताई.

सियागंजचा_शेजारी | २० मे, सकाळी १०.००

माझा सल्ला दुकानाबद्दल. घ्यायच्या आधी इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा ज्या डीलरकडून घेणार त्याच्याकडे जा आणि म्हणा की या मॉडेलचं पातं, चाकांचा बेल्ट, एअर फिल्टर, दोरीची स्प्रिंग आणि चाकं आत्ता काउंटरवर ठेवा. मशीन न घेताही हे पाच पार्ट विकत देतो म्हणाला तर ते मशीन इंदुरात जगेल. ‘मंगवा देंगे’ म्हणाला तर निघून या. प्लग आणि इंजिन ऑईल कुठेही मिळतं, त्यावर जाऊ नका.

होंडाचं जीएक्सव्ही १६० हे १६३ सीसीचं उभ्या शाफ्टचं इंजिन या कामासाठीच बनवलंय आणि पंप-जनरेटर दुरुस्त करणारे लोकही त्याला हात लावतात. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचंही तसंच. अनोळखी इंजिन कितीही स्वस्त असलं तरी कार्ब्युरेटरच्या एका जेटसाठी पावसाळा जातो.

हरळी | २० मे, दुपारी ४.१५

ताई, मशीन कुठलंही घ्या, पण उंचीचा खटका वापरायला माळीबाबांना शिकवा. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा. हरळी ३५-४० मिलिमीटरवर ठेवलीत तर तुमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा कमी पडतात, कारण जमीन झाकलेली राहते. आंब्याखाली तर ५०च्या खाली येऊच नका. सावलीतल्या गवताला जेवढं पान मोठं तेवढा त्याचा जीव. आणि कायम जमिनीलगत खरडत राहिलात तर हरळी थकते आणि लव्हाळा माजतो, त्याच्या गाठी खोल असतात, त्याला काहीच फरक पडत नाही.

मृद्गंध_इंदूर | २० मे, रात्री १०.०५

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. माळीबाबांना सोबत न्यायचं हे मला सुचलंच नव्हतं, याची लाज वाटतेय. एक शंका. कडेकडेला, विहिरीच्या कठड्याला आणि झाडांच्या बुंध्याशी हे मशीन जाणार नाही ना? मग खांद्याला अडकवून चालवायचा ब्रश कटरच का घेऊ नये, सगळं त्यानेच होईल?

जुना_फिटर | २१ मे, सकाळी ६.५०

ब्रश कटरने शेताचा बांध साफ होतो, लॉन नाही. माणूस हात झुलवत कापतो, उंची एकसारखी राहूच शकत नाही. शिवाय १३०० चौरस मीटर खांद्यावर मशीन अडकवून कापायचं म्हणजे माळीबाबांची कंबर पुन्हा गेली. कडांना कात्री किंवा छोटा नायलॉन दोरीचा ट्रिमर ठेवा. आंब्याच्या बुंध्याशी तर दोरीही नको. साल सोलली गेली की झाडाला रोग शिरतो. बुंध्याभोवती हातभर आळं मोकळं ठेवून वाळका पाला पसरा, तिथे कापायचा प्रश्नच राहणार नाही.

पेट्रोलचा_अनुभव | २१ मे, दुपारी १२.२०

पेट्रोलवाल्यांनी एक सांगायचं राहिलं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, म्हणून घेताना ‘ई-२० चालेल’ हे पुस्तिकेत छापलंय का ते बघून घ्या, तोंडी उत्तरावर राहू नका. आणि कॅनमध्ये महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नका. डिसेंबर-जानेवारीत थंडीने हरळी थांबते, मशीन पडून राहतं. त्याआधी टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. मी हे केलं नव्हतं. मार्चमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखला, उघडलं तर जेटमध्ये पिवळा चिकट थर.

मैदानावरचा | २१ मे, रात्री ८.३०

सुरक्षेचं लिहितो, कारण माझ्यासमोर एकाचं बोट गेलंय. पात्याखाली ओलं गवत गच्च बसतं. माणूस मशीन बंद करून हात घालतो. इंजिन थोडं हललं तरी पातं फिरतं. आधी प्लगची टोपी काढायची, मग लाकडाच्या काठीने गवत खरडायचं. हात कधीच नाही. आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवायची, नाहीतर ऑईल फिल्टरमध्ये जातं आणि मग पांढरा धूर बघून लोक घाबरतात.

कापायच्या आधी पूर्ण लॉनवर एक फेरी मारायची. तुमच्याकडे आंबे आहेत, म्हणजे जूनमध्ये कोयी पडलेल्या असणार. त्या वेगात कोय बंदुकीसारखी उडते. बंद बूट, जाड पँट, आणि मशीन चालू असताना सासरेबुवा ओट्यावरच.

मृद्गंध_इंदूर | १२ जून, रात्री ९.००

घेतलं! आज माळीबाबांना घेऊन दोन दुकानं फिरले. पहिल्या दुकानातलं मशीन दिसायला दणकट, पण दोरी त्यांना चौथ्या झटक्यातही जमेना. ते काही बोलले नाहीत, नुसते खांदा चोळत उभे राहिले. एरवी मी दुकानदाराचं ऐकून तेच घेतलं असतं. दुसऱ्या ठिकाणी जीएक्सव्ही १६० इंजिनाचं एकवीस इंची, मागच्या चाकांना ताकद असलेलं मशीन होतं. पहिल्याच ओढीला सुरू झालं. माळीबाबा अंगणात दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, ‘बाईसाहब, ये तो मेरे साथ चलता है.’ पाचही पार्ट काउंटरवर आले. एक जास्तीचं पातं आणि बेल्ट लगेच घेऊन ठेवलाय.

हरळी | १२ जून, रात्री ९.२५

अभिनंदन ताई! पहिलं ऑईल लवकर बदला, पुस्तिकेत लिहिलंय तेवढ्या तासांनी. नव्या इंजिनातला धातूचा कीस त्यात उतरतो.

मृद्गंध_इंदूर | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

मंडळी, मदत हवी. मशीन उत्तम चालतंय. पूर्ण लॉनला दीड तास लागतो, पिशवी रिकामी करण्यासकट. सासरे रोज चालतात. पण दोन अडचणी आहेत. एक, संततधार पावसानंतर चाकांच्या चाकोऱ्या उमटल्यात. दोन, गेल्या आठवड्यापासून गवताची टोकं कापल्यावर पांढुरकी दिसतात, लांबून लॉन राखाडी वाटतं.

मैदानावरचा | ३ ऑगस्ट, रात्री ८.१०

दुसरं आधी. पांढुरकी टोकं म्हणजे पातं बोथट झालंय, कापत नाही, फाडतंय. पातं काढून धारवाल्याकडे न्या, मूळचा उतार साधारण ३० अंशांचा आहे तो तसाच ठेवायला सांगा. सुरीसारखी बारीक धार करू नका, ती लगेच दुमडते. परत बसवण्याआधी मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून बघा. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचं थोडं घासायचं. समतोल नसलेलं पातं मशीनला थरथरवतं आणि शाफ्टचं बेअरिंग खातं. तोवर तुमचं जास्तीचं पातं लावा.

चाकोऱ्यांचं कारण तुमची काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी दबते. चालताना बुटाचा ठसा उमटत असेल तर त्या दिवशी मशीन काढायचंच नाही, मग गवत कितीही वाढो. उघडीप मिळाली की खटका वरच्या खाचेत टाकून कापा, चार दिवसांनी एक खाच खाली. आणि दर वेळी दिशा बदला. एकदा पूर्व-पश्चिम, एकदा उत्तर-दक्षिण, एकदा तिरकं. आत्ता पडलेल्या चाकोऱ्यांत पाऊस ओसरल्यावर वाळू आणि चाळलेलं शेणखत भरा, गवत स्वतःच वर येईल.

निंबोणी | ४ ऑगस्ट, सकाळी ८.००

ताई, कापलेल्या गवताचं काय करता? आमच्याकडे पावसाळ्यात दर आठवड्याला पाच-सहा पोती निघतात.

मृद्गंध_इंदूर | ४ ऑगस्ट, दुपारी २.३०

आत्तापर्यंत गाईला थोडं घालत होतो आणि बाकी विहिरीमागे ढीग. त्याला भयंकर वास सुटलाय.

जुना_फिटर | ४ ऑगस्ट, रात्री ९.१५

अहो, तुम्ही इंदूरच्या आहात! खत करायची ‘इंदूर पद्धत’ जगभर याच नावाने ओळखली जाते. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इथे आले, होळकर संस्थानाच्या जागेवर संशोधन संस्था उभी राहिली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. १९३१ साली त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्याचे सहलेखक आपले यशवंत वाड. माझे वडील आम्हाला हे फार अभिमानाने सांगायचे, आणि मला वाटतं इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात हे नाव माहीत असायला हवं.

वास येतोय कारण नुसतं हिरवं ओलं गवत एकमेकांना चिकटून बसतं, आत हवा जात नाही आणि ते सडतं. वाळका पाला, आंब्याची पानं, पेंढा यांचा थर, त्यावर गवताचा पातळ थर, त्यावर शेण आणि गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती, चिमूटभर राख. पावसाळ्यात खड्डा नको, पाणी साचतं, जमिनीवरच ढीग करा. ढीग रचल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा उलटवा. तीन महिन्यांत खत. गोठा तुमच्या दारात आहे, यापेक्षा चांगली जागा कुठली?

मृद्गंध_इंदूर | ९ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

जुन्या ढिगाला पाला आणि शेण घालून ऑगस्टमध्येच नव्याने रचला होता. आज उलटवला. काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. ऑगस्टमधल्या चाकोऱ्यांत वाळूबरोबर हेच भरणार आहे. सासरे खुर्ची टाकून शेजारी बसले होते, मूठभर हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

मशीनचा हिशोब लिहून ठेवते, कोणाच्या कामी येईल म्हणून. जूनपासून २१ वेळा कापलं, इंजिन साधारण ३२ तास चाललं. ऑईल दोनदा बदललं, पातं दोनदा धारेला गेलं, एअर फिल्टर एकदा झटकून पुसला. माळीबाबांनी एकही दिवस कंबर धरली नाही.

सियागंजचा_शेजारी | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

ताई, माझे मेहुणे राऊला जागा घेताहेत, तेवढंच लॉन आहे. मशीन चालताना बघायला आलो तर चालेल का?

मृद्गंध_इंदूर | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

जरूर या दादा. रविवारी या, पण दहाच्या आधी नको, दव सुकलेलं नसतं. आणि मेहुण्यांच्या माळ्यालाही सोबत आणा, आमचे माळीबाबा त्याच्या हाती दांडा देतील.